मुष्टियोद्धा पोहू लागला

भगिनींनो, आपल्या नगरला लष्कराची छावणी असल्याने जवान रोज दृष्टीस पडतात. अशाच एका जवानाची ही हकिगत. सांगली जिल्ह्यातील श्री. मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि तोच त्यांचा दुसरा खेळ झाला. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे, अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये, ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. भारताचे या स्पर्धांतील ते पहिलेच सुवर्ण! गुद्दे मारून कमावलेले खांदेच पाण्यात कामी आले असावेत, असे मला वाटते. पद्मश्री मात्र २०१८ साली मिळाली, म्हणजे ४६ वर्षांनी. पुढे २०२४ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला, तेव्हा कोठे आमच्या घरी मुलांना त्यांचे नाव कळले.