अमरावतीचे तपोवन आणि ‘महारोगी’ हा शब्द

वऱ्हाडातील आरोग्यसेवेच्या इतिहासात डॉ. शिवाजीराव पटवर्धन (१८९२–१९८६) यांचे स्थान वेगळे आहे. त्यांचा जन्म तत्कालीन जमखंडी संस्थानातील. कर्मभूमी मात्र अमरावती. दूरदेशाहून येऊन येथे स्थायिक झालेल्या या होमिओपॅथ चिकित्सकाने स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगला, आणि १९४६ पासून उर्वरित आयुष्य कुष्ठरोग्यांच्या सेवेस वाहिले. त्या कार्याचे स्वरूप संस्थेच्या नावांतूनच चांगले उलगडते.

मूळ संस्था ‘विदर्भ महारोगी सेवा मंडळ’ होय. आयुर्वेदात ‘महारोग’ वा ‘महागद’ ही एका व्याधीची संज्ञा नव्हे. प्रमेह, अर्श, भगंदर अशा आठ दुःसाध्य विकारांचा तो वर्ग असून कुष्ठ त्यांपैकी एक. मराठीत या शब्दाचा अर्थसंकोच होऊन तो कुष्ठालाच चिकटला. उलट ‘कुष्ठ’ या शब्दात पूर्वी त्वचेच्या अनेक विकारांचा समावेश होई. त्याच शब्दापासून आलेला ‘कोड’ मराठीत पांढऱ्या डागांपुरता उरला. रोगाचे नाव असे अस्थिर असता त्यासंबंधीची भीती मात्र स्थिर राहिली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

त्या भीतीस कायद्याचेही पाठबळ होते. हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये रोगाचा जंतू शोधल्यावरही १८९८ च्या कायद्याने निराधार रोग्यास पकडून अलग ठेवण्याची तरतूद केली. अमरावती आणि अकोला ही कापसाच्या व्यापारावर वाढलेली नगरे. परंतु भोवतालच्या खेड्यांत ज्याच्या बोटांची संवेदना गेली, त्याची कापूसवेचणी गेली, आणि वेचणीबरोबर घरातील स्थानही गेले. भीक हाच मार्ग उरे.

पटवर्धनांच्या कार्याचे मर्म येथे आहे. रोगावर गुण देणारे औषध त्यांच्या चिकित्सापद्धतीतून आले नाही. ते डॅप्सोन आदी सल्फोन औषधांच्या रूपाने १९४० नंतरच्या काळात उपलब्ध झाले, आणि बहुऔषधोपचार तर १९८२ च्या सुमारास. परंतु जंतू नष्ट झाला तरी झडलेली बोटे परत येत नाहीत, आणि तुटलेले घरही जुळत नाही. औषधाच्या आवाक्याबाहेरील हा प्रश्न तपोवनाने हाती घेतला. तेथे विणकाम, सुतारकाम यांसारख्या उद्योगांतून रोगी कमावता झाला. वसतिस्थानास ‘जगदंबा कुष्ठनिवास’ असे नाव होते. लोकांच्या तोंडी मात्र ‘तपोवन’ हेच रूढ झाले. या शेवटच्या नावात रोगाचा उल्लेखच नाही. १९५९ मध्ये पटवर्धनांना पद्मश्री मिळाली.

हवाना येथील आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषदेने १९४८ मध्ये ‘लेपर’ हा शब्द टाकून देण्याची शिफारस केली. मराठीतही कालांतराने ‘महारोगी’ मागे पडून ‘कुष्ठरुग्ण’ पुढे आला. भारतात मात्र कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांतून वगळले गेले ते २०१९ साली. शब्द बदलला की समाज बदलतोच असे नाही. तपोवनाने क्रम उलटा धरला होता: आधी माणसाच्या हातास काम, मग त्याच्या नावाचा विचार. पटवर्धनांच्या कार्याचे मोल या क्रमात आहे.