शनवार तेल्यांचें स्थलांतर

मनुष्य देश बदलतो तेव्हां पोषाख, अन्न व भाषा यांची अडचण त्यास प्रथम जाणवते. परंतु ती कालांतरानें सुटतेही. जुन्या देशांत ज्या गोष्टीविषयीं शेजाऱ्यांनीं कधीं विचारलें नाहीं, तिचाच जाब नवा देश मागूं लागला म्हणजे खऱ्या कसोटीस आरंभ होतो. कोंकणांतील बेने इस्रायल समाजावर हा प्रसंग आला.

या समाजाच्या परंपरेप्रमाणें त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर फुटलें व सात जोडपीं तेवढीं वांचलीं. त्यांचे वंशज पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे हल्लींच्या रायगडांत, तेलाचे घाणे चालवूं लागले. शनिवारीं घाणा बंद. म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणत. गांवांवरून पेणकर, दिवेकर, रोहेकर अशीं आडनांवें पडलीं. मराठी ही घरची भाषा झाली आणि शेजाऱ्यांच्या रीतीस अनुसरून गोमांस व विधवाविवाहही पुष्कळांनीं वर्ज्य मानले. मुंबईंत १७९६ मध्यें सामाजी हसाजी दिवेकर यांनीं समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर उभारलें.

१९४८ मध्यें इस्रायल राष्ट्र स्थापन झालें व हीं कुटुंबें तिकडे जाऊं लागलीं. येथें त्यांचा छळ झाला नव्हता; धर्मग्रंथांतील मायभूमीची ओढ त्यांस घेऊन गेली. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा ठिकाणीं त्यांनीं बिऱ्हाडें थाटलीं. परंतु कामधंद्यांत रंगावरून भेदभाव होतो, अशी तक्रार लौकरच निघाली. बीरशेब्याच्या कांहीं मंडळींनीं तेल अवीव येथें धरणें धरलें, आणि १९५२ मध्यें शंभरावर माणसें भारतांत परत आलीं. त्यांपैकीं अनेकजण पुढें पुन्हां इस्रायलला गेले.

याहून मोठा पेंच विवाहाचा होता. भारतांत त्यांचीं लग्नें त्यांच्याच प्रार्थनामंदिरांत लागत. इस्रायलांत मात्र १९५३ च्या कायद्यानें यहुदी नागरिकांचे विवाह व घटस्फोट धर्मगुरूंच्या अधिकाराखालीं आले. कांहीं धर्मगुरूंनीं या समाजांतील वधूवरांचीं इतर यहुद्यांशीं लग्नें लावण्याचें नाकारलें. त्यांची शंका अशी कीं, शेंकडों वर्षें दूर राहिलेल्या या लोकांस घटस्फोटाचे शास्त्रोक्त विधि ठाऊक नव्हते. तेव्हां मागें कोणाचा पुनर्विवाह अशास्त्र झाला असल्यास त्या संततीशीं सोयरीक निषिद्ध ठरेल. ज्या समाजांत घटस्फोट क्वचित् होत व विधवांचा पुनर्विवाह बहुधा टाळला जाई, त्याच्यावरच हा संशय यावा, हा दैवदुर्विलास होय. १९६१ मध्यें मुख्य धर्मपीठानें अशा विवाहांस सामान्यतः मान्यता दिली. पण १९६२ मध्यें वधूवरांच्या आई, आजी यांच्या कुळाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असा हुकूम काढला. कोंकणांतल्या खेड्यांतील पणजीचा दाखला कोणीं व कोठून आणावा?

या वेळीं मात्र समाज परतीच्या वाटेस लागला नाहीं. शाळा, सैन्य, कारखाने यांच्या द्वारें तो नव्या राष्ट्रांत मिसळत होता, आणि त्या राष्ट्राच्याच नागरिकत्वाच्या जोरावर त्यानें न्याय मागितला. १९६४ च्या उन्हाळ्यांत जेरुसलेमांत निदर्शनें झालीं. ऑगस्टांत क्नेसेट या कायदेमंडळाची खास बैठक भरली व बेने इस्रायल हे सर्व बाबतींत, विवाहसंबंधांतही, इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत, अशी भूमिका तेथें मान्य झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठानें हुकुमांतून या समाजाचें नांव गाळलें. कुळाविषयीं शंका असणाऱ्या कोणाचीही चौकशी करावी, एवढाच सामान्य नियम उरला.

हिब्रू भाषा, नवे कायदे, नवे शेजारी हें सर्व या लोकांनीं आपलेंसें केलें; पण जुनें सारेंच टाकलें नाहीं. लग्नापूर्वीं मेंदीचा समारंभ आजही होतो. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नांवें पोहे, ओलें खोबरें, साखर व फळें यांचा मलिदा मांडतात. 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिकही त्या देशांत निघालें. नव्या देशाची रीत शिकणें हें येणाऱ्याचें कर्तव्य खरें. परंतु आलेल्यास आपला मानणें हें त्या देशासही शिकावें लागतें. शनवार तेल्यांच्या वंशजांनीं पहिला धडा घेतला, आणि दुसरा आपल्या नव्या राष्ट्रास दिला.