हीपमधली चूक पकडणारं टूल आधी तपासा

सी किंवा सी प्लस प्लसमध्ये मॅलोककडून १० बाइट घेतले आणि अकराव्यावर लिहिलं, तरी प्रोग्राम बहुतेकदा गुपचूप चालत राहतो. धोका त्यातच आहे. २०१४ मध्ये उघड झालेल्या हार्टब्लीडमध्ये ओपनएसएसएल हद्दीपलीकडची ६४ केबीपर्यंतची मेमरी बाहेर देत होतं, आणि सर्व्हर मात्र सुरळीत चालू!

अशा चुकांसाठी मी अ‍ॅड्रेससॅनिटायझर वापरतो. गूगलच्या टीमने २०१२ मध्ये त्यावर पेपर मांडला. आज तो क्लँग आणि जीसीसी दोन्हींत आहे. आमच्या धाराशिवकडे तो समजावणं सोपं, कारण बांध कोरण्यावरून होणारी भांडणं इथे कुणाला नवीन नाहीत. हे टूल हीपमधल्या प्रत्येक तुकड्याच्या कडेने पडीक बांध सोडतं, त्याला रेडझोन म्हणतात. शिवाय सातबाऱ्यासारखी वेगळी नोंद ठेवतं: दर ८ बाइटमागे १ बाइट. हद्दीबाहेर पाऊल पडलं की रिपोर्ट येतो आणि प्रोग्राम तिथेच थांबतो. फ्री केलेला तुकडाही लगेच दुसऱ्याला मिळत नाही, काही काळ क्वारंटाइनमध्ये राहतो. म्हणून फ्री केल्यानंतरचा वापरही सापडतो.

पण रिपोर्ट आला नाही म्हणजे चूक नाही, असं धरू नका. मुळात टूल चालू आहे का ते बघा. मुद्दाम चुकीचा छोटा प्रोग्राम लिहा: १० बाइट घ्या, इंडेक्स १० वर लिहा. 'हीप-बफर-ओव्हरफ्लो' असा रिपोर्ट यायला हवा. तोच प्रोग्राम इंडेक्स ९ देऊन चालवा, आता टूल गप्प बसायला हवं. ही दुसरी टेस्टही तितकीच गरजेची आहे.

इथे ऑप्टिमायझेशन दगा देऊ शकतं. तुकड्याचा पुढे काहीच उपयोग नाही असं कंपायलरला दिसलं, तर तो मॅलोकसकट चुकीची ओळच उडवून टाकतो. मग पकडायला उरतं काय? म्हणून इंडेक्स कमांड लाइनवरून घ्या आणि तुकड्याचा डेटा व्होलाटाइल ठेवा.

उडी बांध ओलांडून थेट दुसऱ्या चालू तुकड्यात पडली, तर मात्र हे टूल ओरडत नाही. त्याच्या नोंदीत ती जमीन वहितीचीच असते. आणि जी ओळ टेस्टमध्ये चाललीच नाही, तिथली चूक कळणार तरी कशी? हार्टब्लीडसुद्धा खोटी लांबी सांगणारी रिक्वेस्ट पाठवल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे सोबत फझिंग हवंच.

वेग साधारण निम्म्यावर येतो, मेमरीही जास्त लागते. म्हणून हे बिल्ड मी फक्त टेस्टिंगसाठी वेगळं ठेवतो.