राष्ट्रीय सेवा योजना, हिंगोली जिल्हा

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना गटाने गावकामाला लावणारी केंद्र शासनाची योजना (संक्षेप ‘रासेयो’, बोलण्यात ‘एनएसएस’). जिल्ह्यातील महाविद्यालये आधी औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली होती; १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले, तेव्हापासून त्याच्याशी. हिंगोली जिल्हा परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्याआधीचे काम परभणीखाली पाहावे.

पूर्वपीठिका : १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्या समितीने, शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला नऊ महिने ते वर्षभराची राष्ट्रसेवा सक्तीची करावी, असे सुचवले. पुढे के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतील प्रयोग अभ्यासून सेवा ऐच्छिक ठेवण्याकडे कौल दिला आणि तोच टिकला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत योजना सुरू केली. पहिल्या वर्षी सुमारे ४०,००० स्वयंसेवक होते. १९७२ च्या दुष्काळानंतर शिबिरांना ‘दुष्काळाविरुद्ध तरुण’ हा विषय देण्यात आला. मराठवाड्यात तो विषय समजावून सांगण्याची गरज नव्हती.

स्वरूप : वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर.

शिबिर : योजनेचा खरा गाभा हाच. दत्तक घेतलेल्या गावात जिल्हा परिषदेची शाळा किंवा मंदिर हा मुक्काम असतो. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान : नालेसफाई, शोषखड्डे, वृक्षलागवड, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा. दुपारी बौद्धिक, रात्री गावकऱ्यांसमोर सांस्कृतिक कार्यक्रम. अहवालांत बंधाऱ्याची लांबी आणि रोपांची संख्या आवर्जून येते, भोजन गटाचा उल्लेख मात्र एका ओळीत उरकतो. प्रस्तुत नोंदकर्त्याच्या मते क्रम उलटा हवा. वर्गात कधी हात वर न करणारा मुलगा पन्नास जणांच्या स्वयंपाकाचा हिशेब सांभाळतो, किराणा आणतो, पीठ संपत आले की सरपंचाच्या दारात उभा राहतो. चौथ्या दिवशी गावातली म्हातारी त्याला नावाने हाक मारते. आपल्यावाचून काहीतरी अडते, हा अनुभव गुणपत्रिकेत मिळत नाही. बंधारा पहिल्या मोठ्या पावसात वाहूनही जातो. मुलींच्या बाबतीत घराबाहेरचा सात रात्रींचा मुक्काम हाच अनेकदा पहिला प्रश्न असतो. घरी येऊन परवानगी मागणाऱ्या प्राध्यापिका असतील तिथे तो सुटतो.

गावची परंपरा : नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे (जन्मस्थळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत). अखंड हरिनाम सप्ताहात पाणी भरणे, पंगत वाढणे, टाळ धरणे ही कामे गावातली पोरे पूर्वापार करत आली आहेत. शिबिराच्या भोजन गटाला वाढपी शिकवावे लागत नाहीत ते त्यामुळे. फरक एवढाच, की सप्ताहात कोणी काय करायचे हे पुष्कळदा घराण्यावरून ठरलेले असते आणि शिबिरात भाकरी थापायला, झाडू मारायला पाळी लावतात. ही पाळी सर्वत्र सारख्याच काटेकोरपणे पाळली जाते असे म्हणता येत नाही.

आक्षेप : प्रमाणपत्र आणि गुणांची सवलत यांसाठीच नाव नोंदवणारे असतात, अशी टीका होते.

पूर्वसूरी : राष्ट्र सेवा दल (१९४१), बाबा आमटे यांची सोमनाथ येथील श्रमसंस्कार छावणी (१९६७ पासून).

बोधचिन्ह : कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथचक्रावरून घेतलेले, आठ आरे म्हणजे आठ प्रहर.