एफआयआरमधला 'का'

पोलीस ठाण्यात फिर्याद लिहून घेताना विचारतात: कुठे झालं, किती वाजता, कोण होते, हातात काय होतं. 'का मारलं' हेही विचारतात, पण त्याचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. जुना वाद. उधारीचा वाद. धुऱ्याचा वाद. वऱ्हाडात धुऱ्यावरून डोकी फुटतातच, त्यामुळे हे उत्तर पटतंही. अडचण तेव्हा येते, जेव्हा माणूस मार खातो तो त्याच्या जातीमुळे किंवा धर्मामुळे, आणि कागदावर मात्र धुराच राहतो.

अकोला जिल्ह्यातलं ढाकळी गाव. तारीख २६ सप्टेंबर १९७४. गावातल्या बड्या घरच्या मुलाने गवईंच्या मुलीला फसवलं. घरच्यांनी जाब विचारला. त्यावर गवई बंधूंचे डोळे काढण्यात आले. दलित पँथर तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. कार्यकर्त्यांनी हे प्रकरण मुंबईपर्यंत नेलं, गवई बंधूंना थेट पंतप्रधान इंदिरा गांधींसमोर उभं केलं. पँथर नसती, तर ढाकळी हे नाव तालुक्याबाहेर किती गेलं असतं, याची मला शंकाच आहे.

त्या वेळी कायद्याच्या पुस्तकात काय होतं, ते बघा. भारतीय दंड संहितेच्या ३२०व्या कलमात 'जबर दुखापती'चे आठ प्रकार दिले होते. त्यातला दुसरा प्रकार म्हणजे कोणत्याही एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं. म्हणजे डोळे फोडण्याला कायद्यात नाव होतं, शिक्षाही होती. पण भांडणात डोळा फुटणं आणि महाराने मान वर केली म्हणून डोळे काढणं, यात फरक करणारं कलम नव्हतं. १९५५चा अस्पृश्यता गुन्हे कायदा होता. तो देऊळ, विहीर, दुकान, हॉटेल यांत मज्जाव करण्यापुरता. १९७६मध्ये त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नवं नाव मिळालं आणि तो कडकही झाला, तरी अशा हिंसेपर्यंत तो पोचत नव्हता.

ती जागा भरली १९८९च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याने. आपण ज्याला सरसकट 'ॲट्रॉसिटी' म्हणतो, तो हाच. (वऱ्हाडात 'ॲट्रॉसिटी लावली' असं म्हणतात, जणू अत्याचार गुन्हा करणाऱ्याने नाही, फिर्याद देणाऱ्यानेच केला.) १९९५च्या नियमांनी तपासाची रीतही ठरवून दिली. तपास ठाणेदाराने करायचा नाही, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा. पीडितांना मदतीची रक्कम द्यायची, तीही निकालाची वाट न पाहता, टप्प्याटप्प्याने. आता दोषारोपपत्र ६० दिवसांत दाखल करायचं असतं. नेमलेलं काम जाणूनबुजून टाळणाऱ्या सरकारी नोकरावरही याच कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

तरीही 'का' अडलाच. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना ठार मारण्यात आलं. पोलिसांची सुरुवातीची ढिलाई इतकी उघड होती की काही पोलिसांचं निलंबन झालं आणि तपास सीबीआयकडे गेला. नोव्हेंबरात विदर्भ पेटला. अमरावतीत निदर्शनांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात एक तरुण गेला. खुनाचा तपास संथ आणि निदर्शनांना प्रतिसाद मात्र गोळीचा; अमरावतीच्या लोकांनी तेव्हा हाच हिशेब मांडला.

पुढे २००८मध्ये आठ जण दोषी ठरले, सहा जणांना फाशी झाली, आणि २०१०मध्ये उच्च न्यायालयाने ती २५ वर्षांच्या कैदेत बदलली. पण ॲट्रॉसिटीचं कलम सिद्ध झालं नाही. न्यायालयाच्या मते हा सूड होता, जातीवरून केलेला गुन्हा नव्हता. मला हे आजही पटत नाही. गावाने असा सूड कोणावर घ्यायची हिंमत केली असती आणि कोणावर नसती, हा प्रश्न त्यात विचारलाच गेला नाही. शेवटी संसदेने कायद्याचे शब्दच बदलले. गंभीर गुन्ह्यांच्या कलमात आधी 'अनुसूचित जातीची आहे या कारणावरून' हे सिद्ध करावं लागायचं. २६ जानेवारी २०१६पासून 'आहे हे माहीत असताना' एवढं पुरे झालं. आणि आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या घराशी ओळख असेल, तर त्याला जात माहीत होती असंच न्यायालयाने धरून चालायचं. खेड्यात हे वेगळं सांगावं लागतं, हीच गंमत.

जातीबाबत निदान कायदा तरी आहे. धर्माच्या द्वेषातून झालेल्या खुनासाठी असा वेगळा कायदा नाही. तिथे 'का' शोधणं हे तपास अधिकाऱ्याच्या नजरेवर असतं: मारताना काय बोलले, वस्तू गेल्या की जागेवरच राहिल्या, आधी धमकी आली होती का, मोबाइलमध्ये काय आहे. हे सगळं पहिल्या जबाबात आलं नाही, तर दोन वर्षांनी आरोपीचा वकील उलटतपासात नेमकं तेच विचारतो: तेव्हा का नाही सांगितलं?

अमरावतीत २१ जून २०२२च्या रात्री एका औषधविक्रेत्याचा, दुकानातून घरी जाताना, गळ्यावर वार करून खून झाला. कोल्हे प्रकरण म्हणून ते तुम्हाला आठवत असेल. सुरुवातीला लुटीची शक्यता पुढे आली. मग आरोपी पकडले गेले, आणि नुपूर शर्मा यांच्या समर्थनार्थ टाकलेली व्हॉट्सॲप पोस्ट हे कारण असल्याचं पोलिसांनी जाहीरपणे सांगितलं, ते दीड आठवड्याने. त्याच सुमारास तपास एनआयएकडे गेला. दडपादडपीचा आरोप झाला. प्रकरण संवेदनशील असल्यामुळे आधी बोललो नाही, असं पोलिसांचं म्हणणं होतं. ते अगदीच खोटं वाटत नाही. सातच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २०२१मध्ये, याच शहराने दंगल, संचारबंदी आणि बंद पडलेलं इंटरनेट पाहिलं होतं. कारण उच्चारलं तर शहर पेटेल ही भीती खरी होती. पण ते उच्चारलं नाही तेव्हा त्याची जागा अफवांनी घेतली.

मग अकोला. १३ मे २०२३ला एका इन्स्टाग्राम पोस्टवरून जुन्या शहरात दंगल झाली आणि एक माणूस मारला गेला. तो हिंदू होता. त्याच रात्री जखमी झालेल्या १७ वर्षांच्या एका मुस्लीम मुलाचं म्हणणं असं, की तो खून आपण डोळ्यांनी पाहिला. मारणाऱ्यांनी त्या माणसाला ऑटोवरून मुसलमान समजून मारलं आणि मग आपल्यावरही हल्ला केला. त्याच्यावरच्या हल्ल्याची खबर हॉस्पिटलातून पोलिसांकडे गेली होती. एफआयआर झाली नाही. तो बोलण्याच्या अवस्थेत नव्हता आणि नंतर पुढे आला नाही, असं पोलीस म्हणाले. उच्च न्यायालयानेही त्याला दाद दिली नाही. त्याचं म्हणणं खरं की खोटं, हे तपासाशिवाय कळणार नाही. आणि तपासच झाला नव्हता.

११ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना फटकारलं. वर्दी चढवली की धर्म, जात, पूर्वग्रह बाजूला ठेवायचे असतात, असं सुनावलं आणि हिंदू व मुस्लीम अशा दोन्ही समाजांतल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचं विशेष तपास पथक नेमायला सांगितलं. राज्य सरकारने फेरविचार मागितला. तपास पथक धर्म बघून नेमायचं का, हा त्यांचा आक्षेप. नोव्हेंबरात त्या दोन न्यायमूर्तींचंच यावर एकमत झालं नाही, आणि पुढे त्या निर्देशाला स्थगिती मिळाली. मला दोन्ही बाजू कळतात. पण पथकात कोण असावं हा वाद दिल्लीपर्यंत गेला, तो अकोल्यात एक साधा जबाब वेळेवर लिहिला गेला नाही म्हणून.

लंडनमध्ये १९९३ साली स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला आणि पोलिसांनी तपासाची वाट लावली. १९९९च्या मॅकफर्सन अहवालाने त्यानंतर सोपा नियम सुचवला: पीडिताला किंवा दुसऱ्या कोणालाही घटना वंशद्वेषाची वाटत असेल, तर पोलिसांनी ती तशीच नोंदवायची. सिद्ध होणं पुढे, नोंद आधी. आपल्याकडे याच्या उलटं झालं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१७मध्ये झुंडबळी आणि द्वेषाच्या गुन्ह्यांची माहिती गोळा करायला घेतली आणि नंतर सोडून दिली. २०२१मध्ये सरकारने संसदेत कारण सांगितलं: माहिती भरवशाची नाही आणि या गुन्ह्यांची कायद्यात व्याख्या नाही.

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या १०३(२) कलमात पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेल्या खुनाची कारणं दिली आहेत: वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा आणि 'तत्सम इतर'. 'धर्म' हा शब्द त्या यादीत नाही. तो 'समुदाय'मध्ये धरायचा, 'श्रद्धे'त, की 'इतर'मध्ये, हे आता रात्रपाळीला बसलेल्या अंमलदाराने फिर्याद घेताना ठरवायचं आहे.