पट्टे सूर्याने ओढलेले नाहीत

लडाखमधल्या हानलेच्या किंवा तिबेटच्या रात्रीच्या आकाशाचे छायाचित्र छापून आले, की त्यातल्या हिरव्या-तांबूस पट्ट्यांचे स्पष्टीकरण ठरलेले असते: सौरवाऱ्याचे कण वातावरणावर आदळले, म्हणजे हा फिकट ध्रुवीय प्रकाशच. पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. ५५७.७ नॅनोमीटरची हिरवी रेषा दोन्हींत सापडते आणि वातावरणदीप्तीची, म्हणजे एअरग्लोची, ऊर्जाही मुळात सूर्याचीच.

पण उजेड कोणाचा आणि नक्षी कोणाची, हे प्रश्न वेगळे आहेत. दिवसा अतिनील किरण ऑक्सिजनचे रेणू फोडतात. रात्री सुटे अणू पुन्हा जुळतात आणि सुमारे ९७ किलोमीटरवर हिरवा प्रकाश निघतो. त्यासाठी कण आदळावे लागत नाहीत. १८६८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अँगस्ट्रॉमला ही रेषा ध्रुवीय प्रकाश नसलेल्या आकाशातही दिसली होती.

मग पट्टे कुठून? बहुधा खालून. गडगडाटी ढग उसळतो किंवा वारा डोंगरावर चढतो, तेव्हा वर ढकललेली हवा गुरुत्वामुळे खाली येते, पुन्हा वर जाते. असे उठलेले गुरुत्व तरंग (लायगो ही वेधशाळा शोधते त्या गुरुत्वीय लहरी निराळ्या) वरच्या विरळ हवेत शिरताना मोठे होत जातात. दीप्तीच्या थरात ते हवा आळीपाळीने दाबतात आणि सैल करतात, तसा उजेड कमीजास्त होतो. एप्रिल २०१४ मध्ये बांगलादेशावर प्रचंड गडगडाटी वादळ झाले आणि तिबेटच्या आकाशात दीप्तीची वर्तुळाकार कडी उमटली. सौरवारा नेमका एका वादळाभोवती कडी काढील, हे पूर्वपक्षाने सिद्ध करावे.

मात्र सगळेच तरंगांच्या खात्यावर टाकणेही घाईचे. ६३० नॅनोमीटरचा लाल उजेड सुमारे २५० किलोमीटरवरचा. त्याच्या कोल्हापुरात टिपलेल्या प्रतिमांत उत्तर-दक्षिण पसरलेले काळे पट्टे पूर्वेकडे सरकताना दिसतात. ते प्लाझ्माचे, म्हणजे विद्युतभारित वायूचे, बुडबुडे. सूर्यास्तानंतर आयनांबराचा तळ अस्थिर होतो, विरळ प्लाझ्मा वर चढतो. तिथे आयन कमी, म्हणून उजेडही कमी. जीपीएसचे संकेतही हेच बुडबुडे बिघडवतात. मे २०२४ मध्ये हानलेला दिसलेली लाली मात्र खरोखरच सौरवादळाची होती. पूर्वपक्षाला तेवढे द्यायला हवे.

तेव्हा हिरव्या पट्ट्यांचे छायाचित्र हाती आले, तर त्या रात्री आसपास कुठे ढग गडगडले ते आधी पाहा. सौरवाऱ्याचे आकडे नंतर.