ट्यूबलेस टायरची प्लग दुरुस्ती

ट्यूबलेस टायरची प्लग दुरुस्ती ही खिळा, स्क्रू किंवा तारेचा तुकडा घुसून टायरला पडलेले छिद्र चिकट रबरी पट्टीने बाहेरून बुजवण्याची पद्धत आहे. यासाठी टायर रिमवरून उतरवावा लागत नाही, त्यामुळे वाहनचालकाला ती रस्त्याच्या कडेला स्वतः करता येते. टायर उद्योगातील मानकांनुसार ही दुरुस्ती तात्पुरती मानली जाते.

पार्श्वभूमी

ट्यूब असलेल्या टायरमध्ये हवा ट्यूबमध्ये कोंडलेली असते. ट्यूबला भोक पडल्यास हवा झपाट्याने निघून जाते आणि पंक्चर काढण्यासाठी टायर उघडावाच लागतो. ट्यूबलेस टायरमध्ये हवा टायर व रिम यांच्यामध्येच राहते आणि टायरच्या आतील बाजूचे ब्युटाइल रबराचे अस्तर ती रोखून धरते. घुसलेल्या खिळ्याभोवती रबर आवळले जात असल्याने हवा बहुधा सावकाश निघते. अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीने १९४७ मध्ये ट्यूबलेस टायर जाहीर केला. त्याचे पेटंट १९५२ मध्ये मिळाले. ट्यूब असलेल्या टायरमध्ये प्लगचा उपयोग होत नाही.

साहित्य

दुरुस्ती संचात पुढील वस्तू असतात :

- टोच्या : कानशीसारखा खरखरीत दांडा, छिद्र साफ करून एकसारखे करण्यासाठी.
- सुई : टोकाशी फट असलेल्या नेढ्याची, पट्टी आत ढकलण्यासाठी.
- पट्ट्या : चिकट रबरात भिजवलेल्या धाग्यांच्या.
- रबर सोल्युशन : काही संचांत वंगण व चिकटवण्यासाठी.

यांशिवाय पक्कड, धारदार पाते, हवेचा पंप, दाबमापक व साबणाचे पाणी लागते.

कृती

वाहन रहदारीपासून दूर, सपाट व कठीण जमिनीवर उभे करून हँडब्रेक लावतात. छिद्र सापडत नसल्यास टायरवर साबणाचे पाणी टाकतात. बुडबुडे येतील तेथे गळती असते. खिळा काढताच हवा वेगाने निघू लागते, म्हणून सर्व साहित्य तयार ठेवल्यावरच तो पकडीने उपसतात. तो कोणत्या कोनात शिरला होता हे लक्षात ठेवावे लागते, कारण टोच्या व सुई त्याच दिशेने घालायची असतात.

टोच्या छिद्रात घालून अनेकदा आत-बाहेर फिरवतात. टायरमधील पोलादी तारांची टोके पट्टी कापू नयेत आणि पट्टीला चिकटण्यासाठी खरबरीत पृष्ठभाग मिळावा, हा त्यामागील हेतू असतो. त्यानंतर पट्टी नेढ्यात मध्यापर्यंत ओवून सुई दाबतात. पट्टीची दोन्ही टोके सुमारे एक ते दीड सेंटीमीटर बाहेर राहिली की सुई न पिळता झटक्याने सरळ बाहेर ओढतात. नेढ्याच्या फटीतून पट्टी सुटते व तिची घडी आत अडकून राहते. बाहेरची टोके नक्षीच्या पातळीजवळ कापतात. शेवटी वाहन उत्पादकाने ठरवलेल्या दाबापर्यंत हवा भरून साबणाच्या पाण्याने पुन्हा तपासणी करतात. दाबाचा आकडा बहुतेक मोटारींत चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेला असतो.

मर्यादा

प्लग केवळ रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या मधल्या भागातील छिद्रासाठी योग्य असतो. मोटारीच्या टायरसाठी छिद्राचा व्यास साधारण ६ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. टायरची बाजू चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात वाकते व सरळ होते. तिथे पट्टी टिकत नाही आणि टायर अचानक फुटण्याचा धोका राहतो. चीर, फुगवटा किंवा उघड्या पडलेल्या तारा असलेला टायर बदलणेच आवश्यक ठरते.

सर्वांत मोठा धोका बाहेरून दिसत नाही. हवा कमी असताना वाहन चालवल्यास टायरची बाजू रिम व रस्ता यांच्यात चिरडली जाते, तापते आणि आतील थर सुटू लागतात. अशा टायरचे छिद्र प्लगने व्यवस्थित बुजते, गळतीही थांबते; परंतु कमकुवत झालेली बाजू तशीच राहते व पुढे वेगात असताना निकामी होऊ शकते. तसेच प्लगने आतील अस्तराचे छिद्र पूर्णपणे झाकले जातेच असे नाही. पाणी आत झिरपल्यास पोलादी तारा गंजतात.

कायमस्वरूपी दुरुस्ती

मान्य पद्धतीत टायर रिमवरून उतरवून आतून तपासला जातो. छिद्राचा मार्ग रबराने भरून अस्तरावर पॅच लावतात. दोन्ही कामे एकत्र करणारा, छत्रीच्या आकाराचा प्लग-पॅचही वापरला जातो. म्हणून प्लग लावल्यानंतर वाहन कमी वेगाने टायर दुरुस्तीच्या दुकानापर्यंत नेणे आणि प्लग लावल्याचे कारागिराला सांगणे हितावह ठरते.

भारतातील नियम

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ट्यूबलेस टायर, टायरमधील दाब दर्शवणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्ती संच असलेल्या ठरावीक प्रवासी मोटारींना अतिरिक्त चाक बाळगण्याच्या सक्तीतून सूट मिळाली. अशा मोटारींच्या चालकांना दुरुस्ती संच कसा वापरायचा याची माहिती असणे अधिक महत्त्वाचे ठरते.

हेही पहा

- टायर
- ट्यूब
- व्हल्कनीकरण